गवळणीतली मावशी आणि कॅमेऱ्याचा डोळा

तमाशाच्या गवळणीत एक मावशी असते. मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणींची ती म्होरकी. तिचे काम करणारा पुरुष बहुधा डोक्यावर पदर घेण्यापलीकडे फारसे सोंग करीत नाही. आवाज पुरुषी राहतो, कधी मिशीही तशीच राहते. वाट अडवणाऱ्या कृष्णाशी आणि पेंद्याशी ती हुज्जत घालते आणि बघता बघता देवाने मागितलेल्या दाणाची गोष्ट गावच्या पाटलावर, नाहीतर निवडून आलेल्या पुढाऱ्यावर येऊन थांबते. पाश्चात्त्य रंगभूमीवर ज्याला बर्लेस्क म्हणतात, म्हणजे थोरामोठ्यांच्या गंभीर कथेची चावट, अंगविक्षेपांनी केलेली टवाळी, त्याचे अस्सल मराठी रूप गवळणीच्या या भागात आहे. आम्ही वर्गात तमाशा शिकवतो तो मात्र छापील वगांवरून आणि लावण्यांवरून, आणि छापील पानात मावशी सापडत नाही. तिचे बोलणे त्या रात्रीपुरते, त्या गावापुरते असते. ती कशी उभी राहिली, पदर कसा सावरला, हे कोणत्याही संहितेत लिहिलेले नसते. म्हणून तमाशाच्या छायाचित्रांचा प्रश्न आम्हांला वाङ्मयेतिहासाचाच प्रश्न वाटतो.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या संदर्भात एकत्र पाहणे योग्य ठरेल. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तमाशाचा इतिहास त्याहून जुना आहे. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव, त्याच तालुक्यातील वाटेगाव हे अण्णा भाऊ साठे यांचे. मिरजेजवळचे कवलापूर काळू-बाळूंचे, वाई यमुनाबाई वाईकरांची, आणि विठाबाई नारायणगावकरांच्या कन्या मंगला बनसोडे यांच्या फडाच्या नावामागे कराडजवळच्या करवडीचे नाव लागते.

या परंपरेची नोंद कशी झाली, हे पाहिले की एक विषमता ध्यानात येते. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५). ब्राह्मण घरातून तमाशात आलेल्या या शाहिराच्या लावण्या छापल्या गेल्या, त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला. ज्या पवळाच्या गळ्यातून आणि अदेतून त्या लावण्या लोकांपर्यंत पोहोचल्या, ती संगमनेर परिसरातील दलित स्त्री मात्र बापूरावांच्या चरित्रातले एक प्रकरण होऊन राहिली. बापूरावांनी जातीचा रोष पत्करला आणि त्यांची प्रतिभा निर्विवाद आहे. त्यांचे श्रेय कमी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु शब्द लिहिणाऱ्याचे नाव उरते आणि शब्द देहावर पेलणाऱ्याचे उरत नाही, ही छापील संस्कृतीची रीत आहे. तमाशात ती रीत जातीच्या उतरंडीशी जुळून येते. महार, मांग, कोल्हाटी समाजांतील असंख्य नाच्ये, सोंगाडे, झिलकरी आणि हलगीवाले या रीतीने इतिहासाबाहेर राहिले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर दुसरी गोष्ट घडली. मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर निर्बंध आणले. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणेसाठी समिती नेमली गेली आणि संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत आली. जी कला जागेवर सुचण्यावर जगते, तिच्याकडे लेखी मजकूर मागितला गेला. मावशीने असा मजकूर आगाऊ कोठून द्यावा? डाव्या चळवळीतून तमाशाला मिळालेली प्रतिष्ठाही पूर्णपणे विनामोबदला नव्हती. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे करणाऱ्या अण्णा भाऊंनी गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन केले आणि गवळण वगळली. त्यामागची राजकीय भूमिका समजण्याजोगी आहे. तमाशातील स्त्रीची विटंबना त्यांना नको होती. तरीही सरकारी सुधारणा आणि क्रांतिकारी सुधारणा या दोन्हींत कात्री लागली ती टवाळीच्या या जागेला, हे नोंदवायला हवे.

या पार्श्वभूमीवर छायाचित्रकार संदेश भंडारे यांचे ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ हे लोकवाङ्मय गृहाने २००६ साली प्रसिद्ध केलेले पुस्तक महत्त्वाचे ठरते. फडांबरोबर हिंडून भंडारे यांनी रंगमंचावरचा तमाशा टिपला, तसाच रंगमंचामागचाही. शीर्षकातला ‘रांगडी’ हा शब्द आम्हांला अर्थपूर्ण वाटतो, कारण त्यात सुधारणेची अट नाही. संहिता तपासणाऱ्याने जे खोडले असते, ते कॅमेऱ्याने तसेच राहू दिले.

अर्थात छायाचित्रालाही मर्यादा आहेत. कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ ‘जहरी प्याला’ या वगातील हवालदारांच्या भूमिकांमुळे काळू-बाळू झाले आणि पुढे त्याच नावाने ओळखले गेले. दोघांचे हुबेहूब साम्य कॅमेऱ्याला सहज सापडते. पण हशा पिकतो तो साम्यामुळे नव्हे, साम्यातून झालेल्या फसगतीमुळे. आणि फसगतीला वेळ लागतो, पुढचे वाक्य यावे लागते. छायाचित्रात ते पुढचे वाक्य कधीच येत नाही.

दुसरी मर्यादा पाहणाऱ्याची आहे. १८६८ मध्ये लिडिया थॉम्प्सनच्या मंडळीने न्यूयॉर्क गाजवले, तेव्हापासून अमेरिकेत बर्लेस्कची परंपरा रुजली. १९९० नंतर तिचे पुनरुज्जीवन झाले. आज तेथे या रंगमंचावर उभे राहणारे मुख्यतः आवडीने उभे राहतात आणि आवडीने छायाचित्रे काढून घेतात. तमाशात जन्माने येणे हा पर्याय नव्हता, ते प्राक्तन ठरवले गेले होते. शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) या ग्रंथात अश्लीलतेचा शिक्का आणि जात यांचे नाते उलगडून दाखवले आहे. ते ध्यानात न घेता केलेला गौरव नुसत्या रंगीत लुगड्यांचा गौरव होतो. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. एका व्यक्तीच्या गळ्यात हार घालून समाजाचे देणे फिटत नाही, हे त्या उशिरानेच सांगितले.

मग छायाचित्रांचे करायचे काय? आमचे मत असे की ती संहितेच्या शेजारी ठेवून वाचावीत. चित्राखाली नुसते ‘तमाशा कलावंत’ न लिहिता नाव, गाव, फड आणि भूमिका लिहावी, आणि ते लिहिण्याआधी त्या व्यक्तीला विचारावे. सातारा-सांगलीतील आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी अशी छायाचित्रे ट्रंकेत पडलेली असतील. कुणाचे आजोबा मावशी करीत असतील आणि घरात ते आता बोलले जात नसेल. ते बोलले जावे, त्या आजोबांचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अभिमानाने लिहिता यावे, एवढी जागा तरी अभ्यासक्रमाने करून दिली पाहिजे.