गेज, गेज राहिला नव्हता?

मेंदूवरचं कुठलंही पुस्तक उघडा, कुठल्या ना कुठल्या पानावर फिनिअस गेज भेटतोच. 'मी' म्हणजे नुसता मेंदू, की त्यापलीकडचं आणखी काही, या वादात त्याच्याइतकी साक्ष क्वचितच कुणाची काढली गेली असेल.

१३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडायचं काम चालू होतं. गेज तिथला मुकादम, वय २५. सुरुंगाची दारू ठासताना ठिणगी पडली आणि साडेतीन फुटांहून लांब, सव्वातेरा पौंडांची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून, डोळ्यामागून, कवटी फोडून आरपार गेली. आणि हा गडी काही मिनिटांत बोलायला लागला! बैलगाडीत बसून बिऱ्हाडी परतला. पुढे डॉ. जॉन हार्लो यांनी काही आठवडे उपचार केले. डावा डोळा गेला, पण माणूस वाचला.

वाचला तो कोण, हा खरा प्रश्न. १८६८ साली हार्लोंनी सविस्तर लिहिलं. आधीचा गेज शहाणा, कामात चोख, ठेकेदारांचा आवडता. नंतरचा लहरी, शिवराळ, हट्टी, आज एक बेत तर उद्या दुसरा. ठेकेदारांनी त्याला जुनी जागा दिली नाही. त्याचे मित्र म्हणत, हा आता गेज राहिलाच नाही.

लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलोय, देह वेगळा, आत्मा वेगळा. मग एका पहारेनं स्वभाव कसा बदलला? चार्वाक म्हणायचे, पदार्थ आंबले की त्यांना मद्याचा गुण येतो, तसंच शरीरातून चैतन्य येतं. ते गेजची गोष्ट ऐकून खूश झाले असते!

बहुतेक पुस्तकं इथंच थांबतात. पण गेज त्यानंतर ११ वर्षांहून जास्त जगला, मंडळी. हॅनोव्हर गावी घोड्यांच्या तबेल्यात दीडेक वर्ष राबला. १८५२ मध्ये तो थेट चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकली. नवा देश, परकी भाषा, उतारूंशी व्यवहार, आणि सहा घोड्यांचे लगाम! लहरी माणसाला हे इतकी वर्षं जमेल? चिलीत त्याला ओळखणाऱ्या एका डॉक्टरनं तर त्याची बुद्धी शाबूत असल्याचं सांगितलं होतं. माल्कम मॅकमिलन या अभ्यासकानं जुनी कागदपत्रं धुंडाळून २००० साली त्याच्यावर पुस्तक लिहिलं, आणि गेज बराच सावरला असावा हे म्हणणं पुढे आणलं. तब्येत ढासळल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला, भाच्यांना आपल्या पराक्रमाच्या थापा मारत बसायचा. १८६० च्या मे महिन्यात फिट्स येऊन वारला. त्याची कवटी आणि ती पहार पुढे हार्वर्डच्या संग्रहालयात गेली.

मला यातून जे दिसतं ते एवढंच. 'मी' मेंदूवर टेकलेला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मेंदू फुटला की माणूस तिथंच संपला, हा निकाल फार घाईचा आहे. रोजचा ठराविक दिनक्रम, हातात जबाबदारी, आजूबाजूला माणसं.. मोडलेल्या मेंदूलाही यांच्या आधारानं स्वतःला पुन्हा जुळवता येतं, निदान थोडं तरी.

हे सगळं लिहायचं कारण नातेवाईक वाचकांना कळलं असेलच. आमच्या दादाकाकांना पक्षाघात झाल्यापासून ते मुलांदेखत शिव्या देतात, मधेच रडतात. 'हे आता पहिले दादा नाहीत' असं घरात प्रत्येकजण कधी ना कधी बोललाय, बरेचदा त्यांच्यासमोरच. पहिले नाहीत, कबूल. पण म्हणून आपण त्यांच्या हातातलं प्रत्येक काम काढून घ्यायचं का? पिशवी आपण उचलायची, पैसे आपण द्यायचे, उत्तरही त्यांच्या वतीनं आपणच द्यायचं!

असो. या रविवारी मी त्यांना मंडईत घेऊन जाणार आहे. भाव त्यांनी करायचा, असं काकूशी बोलून ठरवलंय. भाजीवाल्याला दोन शिव्या बसल्याच तर मी माफी मागेन.