छप्पर, कायदा आणि तिजोरी

२०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजले असतील. बाहेर नायमेखनचा नेहमीचा बारीक पाऊस, मुलगी शाळेत, सौ. ऑफिसला. मी मात्र घरीच होतो, कारण चार महिने मला काम नव्हतं. इतक्यात दाराची बेल वाजली.

दारात पन्नाशीच्या एक डच बाई. हसून म्हणाल्या, "मी खेमेंटेकडून आले आहे. तुमच्या आरोग्यविम्याचे आणि घरभाड्याचे हप्ते थकलेत असं आम्हाला कळलं. सगळं ठीक आहे ना?"

मंडळी, खरं सांगतो, पायाखालची जमीन सरकली. आपल्याकडे थकबाकीसाठी दारात माणूस येतो तो वसुलीचा. मी घाईघाईने म्हणालो, "नाही नाही, सगळं ठीक आहे," आणि दार लोटून घेतलं. बाईंनी शांतपणे पत्रपेटीत एक कार्ड टाकलं आणि त्या गेल्या.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगतो. कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाल्यावर मी नोकरी सोडून स्वतंत्र कन्सल्टंट झालो होतो. दोन वर्षं छान गेली. मग एक कॉन्ट्रॅक्ट अचानक संपलं, आधीच्या कामाचं बिल अडकलं, आणि स्वतंत्र धंदा करणाऱ्याला इथे बेकारी भत्ता नसतो. एकट्या सौ.च्या पगारात भाडं, विमा, वीज, पाळणाघर हे गणित काही जुळेना. मंडळाच्या गणपतीत खिरापतीचं ताट फिरवणारा मी, भाडं थकलंय हे कुणाला सांगणार? आई-बाबांनाही सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी ते कार्ड काढून फोन केला. त्या बाईंनी तासभर बसून सगळे कागद पाहिले, घरमालक आणि विमा कंपनी दोघांशी बोलून हप्ते बांधून दिले. पुढे एप्रिलमध्ये काम मिळालं आणि गाडी रुळावर आली. पण एक किडा डोक्यात राहिला. खेमेंटेला, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेला, माझं भाडं थकल्याचं कळलं कसं? आणि त्यांना त्याचं काय पडलंय? शोधायला बसलो आणि थेट १९०१ सालात जाऊन पोचलो! तीच हकीकत या दिवाळी अंकासाठी लिहितो आहे.

एकाच रोगाची दोन औषधं

एकोणिसाव्या शतकात हॉलंडच्या शहरांतला गरीब माणूस कसा राहत होता हे वाचलं तर मुंबईचीच आठवण येते. अंधाऱ्या खोल्या, एका खोलीत आख्खं कुटुंब, सांडपाणी दाराशी आणि पटकीच्या साथी. यावर उपाय म्हणून १९०१ मध्ये पीरसन यांच्या मंत्रिमंडळाने 'वोनिंगवेत', म्हणजे घरांचा कायदा केला. तो १९०२ मध्ये अंमलात आला.

या कायद्यात दोन गोष्टी एकत्र होत्या. पहिली म्हणजे जबाबदारी. प्रत्येक नगरपालिकेने बांधकामाचे नियम करायचे आणि राहण्यास अयोग्य घरं बंद करायची. दुसरी गोष्ट म्हणजे पैसा. नफा न घेणाऱ्या गृहनिर्माण संस्थांना सरकारी तिजोरीतून, नगरपालिकेमार्फत, कर्ज मिळायची सोय केली. आज नायमेखनमध्ये आपल्यापैकी काहींच्या पत्रपेटीत टालिस किंवा पोर्टाल या संस्थांची पत्रं येतात, त्या याच व्यवस्थेच्या वारसदार.

आता मुंबईकडे या. १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे रुग्ण सापडले. रोग ओळखणारे डॉक्टर आकासियो व्हिएगस मूळचे गोव्याचे. इंग्रज सरकार हादरलं आणि १८९८ मध्ये, म्हणजे डच कायद्याच्या तीन वर्षं आधी, 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. कागदावर हेतू तोच, शहर निरोगी करणं. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, बीआयटी चाळीही बांधल्या. पण जुन्या वस्तीतल्या खोल्या जितक्या पाडल्या तितक्या काही नव्या बांधल्या नाहीत. पाडलेल्या घरातला माणूस शेजारच्या चाळीत आणखी दाटीवाटीने राहू लागला. ट्रस्टवर मोठमोठी मंडळी होती, भाडेकरू मात्र नव्हता. पाडण्याचा अधिकार भरपूर, पण पर्यायी घर देण्याचं बंधन आणि त्यासाठीचा पैसा अपुरा, असा तो मामला होता.

पुढे १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यातल्या वरळीच्या एका खोलीत राजापूरहून आलेले माझे आजोबा राहिले, गिरणीत लागले, आणि माझे बाबा तिथेच जन्मले. त्या खोलीकडे मी पुन्हा येणार आहे.

एकाच सालातली दोन शहरं

आपलं नायमेखन २२ फेब्रुवारी १९४४ ला जवळजवळ बेचिराख झालं. अमेरिकन विमानांनीच बॉम्ब टाकले. दोस्तांचेच बॉम्ब दोस्तांवर! सुमारे ८०० माणसं गेली आणि शहराचा मध्यभाग नाहीसा झाला. सप्टेंबरच्या लढाईत आणखी नाश झाला. युद्धानंतर घरांची टंचाई ही डच राजकारणातली मोठी डोकेदुखी होऊन बसली. १९६६ पासून ड्यूकनबर्खसारखी आख्खी उपनगरं वसवली गेली ती याच गरजेतून.

तरीही घरं पुरेनात. शहराच्या मध्याजवळ पीरसनस्ट्राटच्या परिसरात पालिकेने घरं पाडून पार्किंगची इमारत बांधायचं ठरवलं. घरासाठी वर्षानुवर्षं रांगेत उभ्या असलेल्या तरुणांनी रिकामी घरं ताब्यात घेतली आणि रस्त्यात अडथळे रचले. २३ फेब्रुवारी १९८१ ला, म्हणजे बॉम्बहल्ल्याच्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, पोलिसांनी सैन्याची चिलखती वाहनं आणून तो भाग रिकामा केला. सायकलींच्या आपल्या या शहरात चिलखती गाड्या! पण पार्किंगची ती इमारत काही झाली नाही. लोकांचा रेटा इतका होता की तिथे घरंच बांधली गेली. दोन वर्षांनी, १९८३ च्या नव्या राज्यघटनेत, पुरेशी घरं असावीत याची काळजी सरकारने घ्यावी असं कलम २२ मध्ये लिहिलं गेलं.

आता त्याच वर्षीचा जुलै पाहा. मुंबईत धो धो पाऊस. मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी धाडण्यात येईल. झोपड्या पाडल्याही गेल्या. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्ही इथे राहतो कारण काम इथे आहे, इथून हटवलं तर पोट जातं, आणि पोट गेलं तर जगायचं कसं?

निकाल लागला १० जुलै १९८५ रोजी. सरन्यायाधीश होते आपले पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड, आणि तो त्यांच्या निवृत्तीचा आदला दिवस होता. पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. जगभरच्या कायद्याच्या वर्गांत हा निकाल शिकवतात. पण शेवट वाचताना जीव हळहळतो. फुटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने उचलून धरला. रीतसर नोटीस द्यावी आणि पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबावं इतकंच. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी असं सांगितलं, पण ती दिल्याशिवाय हटवू नये अशी अट घातली नाही. हक्क मिळाला, छप्पर नाही.

मग १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने झोपडपट्टी सुधारणा आणि शहरी गरिबी ही कामं नगरपालिकांकडे सोपवण्याची तरतूद केली. उत्तम! पण तिजोरी? महाराष्ट्रातल्या महापालिकांचं हक्काचं मोठं उत्पन्न म्हणजे जकात. इतर शहरांतली आधीच गेली होती, मुंबईची २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेली, आणि पालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे १७.७ लाख माणसं बेघर मोजली गेली, त्यातली दोन लाखांवर महाराष्ट्रातली.

हॉलंडचंही सगळं गोड नाही

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, "झालं, आला हा परदेशाचे गोडवे गायला!" थांबा. १ जानेवारी २०१५ ला डच सरकारने तरुणांची मदत, रोजगार आणि आधाराची बरीच कामं नगरपालिकांकडे सोपवली. पालिका लोकांच्या जवळ असते, तिला कमी पैशात जमेल, असा युक्तिवाद होता आणि खरोखरच पैसे कापून दिले. डच नगरपालिकांचं बहुतेक उत्पन्न केंद्राकडून येतं, त्यामुळे कात्री लागली की पालिकेच्या हातात फारसं काही राहत नाही. त्यातच २०१३ पासून गृहनिर्माण संस्थांवर खास कर बसवला होता. जो पैसा घरं बांधायला जायचा, तो सरकारजमा होऊ लागला.

परिणाम? सांख्यिकी खात्याच्या अंदाजाने २००९ मध्ये देशात १७,८०० बेघर होते, ते २०१८ मध्ये ३९,३०० झाले. एवढ्या श्रीमंत देशात दुपटीहून जास्त! आणि ही सगळी व्यसनी किंवा आजारी माणसं नव्हती. घटस्फोट झाला, नोकरी गेली, स्वस्त घर मिळेना, अशीही कितीतरी. पूर्वी अशा माणसाने एखादं रिकामं घर ताब्यात घेतलं असतं, पण २०१० पासून तोही गुन्हा आहे. संस्थांवरचा तो कर शेवटी २०२३ मध्ये रद्द झाला.

इंग्लंडची गोष्टही अशीच. तिथे २०१७ चा बेघरपणा कमी करण्याचा कायदा आला. तो मांडणारे खासदार बॉब ब्लॅकमन हे हॅरो ईस्टचे, जिथे आपली भारतीय मंडळी भरपूर. घर जाण्याची भीती आहे असं दिसलं की ५६ दिवस आधीपासून पालिकेने मदत करायलाच हवी, असं हा कायदा सांगतो. तरतूद चांगली, पण जबाबदारीच्या मानाने पैसा पुरत नाही ही तिथल्या पालिकांची तक्रार राहिलीच.

दारातल्या बाई

आता माझ्या कोड्याचं उत्तर. हॉलंडमध्ये २०१२ पासून कर्जबाजारी माणसाला मदत करणं ही नगरपालिकेची कायदेशीर जबाबदारी आहे. १ जानेवारी २०२१ पासून त्यात भर पडली. घरमालक, वीज-गॅस कंपनी, पाणी कंपनी आणि आरोग्यविमा कंपनी यांनी ग्राहकाची थकबाकी वाढली की पालिकेला कळवायचं, आणि पालिकेने आपणहून त्या माणसाशी संपर्क साधून चार आठवड्यांत बोलणी सुरू करायची. घर जाण्याची वेळ आली असेल तर तीन कामाच्या दिवसांत. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर सर्व्हर बंद पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा डिस्क भरत आली की अलार्म वाजवणं, तसंच हे.

असं लवकर लक्ष घालण्याचं काम बऱ्याच शहरांत कायद्याच्या आधीपासून चालू होतं. गृहनिर्माण संस्थांनी घराबाहेर काढलेली कुटुंबं २०१३ मध्ये देशभरात सुमारे ७,००० होती, ती २०१९ पर्यंत ३,००० च्या खाली आली. म्हणजे असलेलं घर टिकवणं जमतं. ज्याच्याकडे घरच नाही, त्याच्यासाठी मात्र घरं बांधावीच लागतात, त्याला अलार्मचा उपयोग नाही.

आणि अलार्म वाजल्यावर दारात यायला माणूस लागतो. त्या बाईंचा पगार, त्यांच्याकडे एका वेळी किती कुटुंबं, एकाशी त्या तासभर बोलू शकतात की दहा मिनिटं, हे सगळं पालिकेच्या अंदाजपत्रकात ठरतं. त्या वर्षी ती रक्कम कापली असती तर कायदा तसाच राहिला असता, पण माझ्या दारात बहुधा नुसतं छापील पत्र आलं असतं. आणि ती पत्रं मी तेव्हा न उघडताच ड्रॉवरमध्ये टाकत होतो, हे इथे कबूल करतो.

सगळं निस्तरल्यावर मे महिन्यात मी बाबांना फोनवर सांगून टाकलं. वाटलं, रागावतील. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ब्याऐंशीच्या संपात आपलंही भाडं थकलं होतं रे. कित्येक महिने. तुझ्या आजोबांनी कुणाला कळू दिलं नाही."

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो गिरणी संप, दत्ता सामंतांचा. अडीच लाख कामगार, आणि पगार बंद तो बंदच. चाळ सरकारची आणि भाडं अगदी नाममात्र, म्हणून खोली वाचली. खासगी घरमालक असता तर आम्ही कुठे असतो, देव जाणे. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी सरकारी पैशाने बांधलेल्या त्या १६० चौरस फुटांनी आमचं घर सावरलं. दारात चौकशीला मात्र कुणी आलं नव्हतं. आजोबांनी ते ओझं एकट्याने वाहिलं, आणि चाळीस वर्षांनी मी नायमेखनमध्ये नेमकं तेच करत होतो!

त्या चाळींचा आता पुनर्विकास चालू आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. बाबांनी तो कार्यक्रम टीव्हीवर पाहिला आणि मला फोन केला. आमची खोली आजोबांच्या मागे सुटली होती, तरी आवाजात आनंद होता.

तर मंडळी, आपण इथे कर भरतो, पालिका निवडणुकीत मतदान करतो. नागरिकत्व नसलं तरी, बाहेरच्या देशातून आलेल्याला पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर पालिकेसाठी मत देता येतं. पुढच्या वेळी उमेदवाराला रस्ते आणि शाळा विचाराल, तेव्हा हेही विचारा, की दारात जाऊन चौकशी करणाऱ्या माणसांसाठी अंदाजपत्रकात किती ठेवलं आहे. आणि आपल्यातलं कुणी सध्या पत्रं न उघडता ड्रॉवरमध्ये टाकत असेल, तर एवढंच सांगतो, दार उघडा. लाजू नका, मंडळातल्या कुणाशी तरी बोला. माझा नंबर समितीकडे आहेच.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!