सागरतीर आणि शाळेंतील जीवशास्त्र

मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेलें मूल शाळेची पायरी चढण्यापूर्वींच कितीतरी जीव नांवानिशीं ओळखूं लागतें. तिसऱ्या कोणत्या आणि खुबे कोणते, बांगडा कसा दिसतो आणि तारली कशी, कुर्लीला कोणत्या बाजूनें धरावें म्हणजे ती चिमटा घेत नाहीं, हें सारें त्याला खेळतां खेळतां कळलेलें असतें. पुढें तेंच मूल वर्गांत बसून प्राण्यांचें वर्गीकरण पाठ करूं लागतें, तेव्हां मृदुकाय प्राणी म्हणजे पुस्तकांतील कोणी परके जीव होत, असा त्याचा समज होतो. काल रात्रीं ताटांत आलेली तिसरी हीच मृदुकाय, हें त्याला सहसा कोणी सांगत नाहीं. घरची ओळख आणि शाळेची विद्या यांच्यामध्यें ही दरी कशी पडली, ती बुजविण्याचे यत्न कोणीं केले आणि ते कोठें अडले, याचा इतिहास शिक्षकांनीं व पालकांनीं अवश्य पाहण्याजोगा आहे.

या इतिहासाचा आरंभ याच भूमीच्या एका सुपुत्रापासून करणें योग्य होईल. देवगड तालुक्यांतील पोंभुर्ले गांवचे बाळशास्त्री जांभेकर यांनीं १८३२ सालीं ‘दर्पण’ सुरू केलें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु १८४० सालीं त्यांनीं ‘दिग्दर्शन’ नांवाचें मासिक काढून भूगोल, इतिहास व सृष्टिशास्त्रें यांचें ज्ञान मराठी वाचकांपुढें ठेवलें, याची आठवण त्या मानानें कमी निघते. शिक्षक तयार करण्याच्या वर्गाची जबाबदारीहि त्यांजकडे आली होती. १८४६ सालीं ऐन उमेदींत त्यांचें निधन झालें. शास्त्र मायबोलींत सांगतां येतें, हें बाळशास्त्र्यांनीं सिद्ध केलें. ज्ञानाचा ओघ मात्र त्या काळीं ग्रंथांतून गांवाकडे वाहत होता. गांवांतून ग्रंथाकडे वाहणारा ओघ अद्याप सुरू व्हावयाचा होता.

त्याच शतकांत युरोपांतील एक नवा विचार आपल्या शाळांपर्यंत पोहोंचला. स्वित्झर्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांचा आग्रह असा कीं, मुलाला आधीं वस्तु दाखवावी, हाताळूं द्यावी, आणि मग शब्द द्यावा. या पद्धतीच्या पाठास मराठींत ‘वस्तुपाठ’ हें नांव मिळालें. पण वस्तु मिळविण्याची खटपट मोठी आणि शब्द सांगणें सोपें! त्यामुळें पानाचे भाग पान न पाहतांच घोकले जाऊं लागले. आज ‘वस्तुपाठ घालून देणें’ हा प्रयोग भाषेंत शिल्लक आहे, परंतु त्यांतील वस्तु वर्गांतून केव्हांच निघून गेली आहे.

वस्तु वर्गांत येत नसेल तर वर्गानेंच वस्तूकडे जावें, हा मार्ग अमेरिकेंत १८७३ सालीं एका थोर प्राणिशास्त्रज्ञानें दाखविला. त्याचें नांव लुई आगासीझ. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगत पेनिकीझ नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथें त्यानें उन्हाळ्यांत सुमारें पन्नास विद्यार्थी जमविले. त्यांत बहुतेक शिक्षक होते आणि स्त्रियाहि होत्या. तेथें ग्रंथांपेक्षां समुद्रांतून काढलेला जिवंत प्राणी हाच मुख्य गुरु होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आगासीझ वारला, आणि पुढचा एक उन्हाळा चालून ती शाळा बंद पडली. तरी तेथें तयार झालेल्या शिक्षकांनीं ती पद्धति देशभर नेली, आणि १८८८ सालीं जवळच वुड्स होल येथें सागरी जीवशास्त्राची जी प्रसिद्ध प्रयोगशाळा उभी राहिली, तिच्यामागें पेनिकीझचीच प्रेरणा होती. शाळा अल्पायुषी ठरली तरी शिकलेला शिक्षक तिचें काम पुढें नेतो, हा त्या प्रयोगाचा बोध होय.

याच सुमारास कोंकणांत काय चाललें होतें? १८८० सालीं रत्नागिरी व सावंतवाडी यांच्या गॅझेटियराचा खंड प्रसिद्ध झाला. रत्नागिरी जिल्ह्यांतील मुलकी अधिकारी व्हिडाल यांनीं दक्षिण कोंकणांतील पक्ष्यांची यादी त्याच वर्षीं छापली. पुढें १८८३ सालीं मुंबईस नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. ही कामगिरी मोलाची आहे यांत संशय नाहीं. परंतु हें सर्व लेखन इंग्रजींत झालें, आणि गांवच्या शाळेकडे तें परत आलें नाहीं. मच्छीमारानें माहिती दिली, तिचा ग्रंथ झाला, आणि त्याचें मूल मात्र त्या ग्रंथास मुकलें. १९२८ सालीं पुण्यास ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघालें, तेव्हां मराठी वाचकांची ही उणीव थोडी भरून निघाली.

शाळेच्या अंगानें खरें पाऊल पडलें तें १९३७ सालीं. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत वर्धा येथें भरलेल्या परिषदेंत गांधीजींनीं बुनियादी शिक्षणाची कल्पना मांडली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें आंखलेल्या अभ्यासक्रमांत हस्तव्यवसायाबरोबर सृष्टिनिरीक्षण, वनस्पति व प्राणी यांचा अभ्यास यांनाहि स्थान मिळालें. या विचाराला महाराष्ट्रांत सर्वांत सुंदर रूप दिलें तें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं. १९४५ सालीं बोर्डीच्या समुद्रकिनारीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालें आणि १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. महागड्या विदेशी साधनांच्या ऐवजीं पानें, बिया, शिंपले व खडे हींच तेथील साधनें झालीं. गुरें राखणाऱ्या मुलांना शाळेंत येतां येत नाहीं असें दिसतांच शाळाच कुरणावर गेली आणि तिला ‘कुरणशाळा’ हें नांव पडलें. मुलाच्या दिवसाप्रमाणें शाळेचा दिवस ठरवावा, हें धैर्य या दोन स्त्रियांनीं दाखविलें.

मध्य प्रदेशांत होशंगाबाद जिल्ह्यांतील १६ माध्यमिक शाळांत १९७२ सालीं असाच एक विज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला. मुलांनीं शेतांत व ओढ्याकांठीं जाऊन पाहावें, प्रयोग करावे आणि उत्तर स्वतः शोधावें, अशी त्याची रीत होती. तो पुष्कळ शाळांत पसरला, आणि २००२ सालीं सरकारी निर्णयानें बंद झाला. इकडे महाराष्ट्रांत १९६७ सालीं पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन होऊन स्वस्त व नेटकीं पुस्तकें घरोघरीं पोहोंचलीं. ‘परिसर अभ्यास’ हा विषयहि आला. हा लाभ मोठाच. तथापि गडचिरोलीपासून मालवणपर्यंत एकच पुस्तक चालावयाचें, तर त्यांत प्रत्येक गांवचा परिसर कसा मावणार? तो शिक्षकानेंच भरावयाचा असतो. तेथेंच गाडें अडतें, आणि त्याचें दूषण एकट्या शिक्षकाला देणें न्यायाचें नाहीं.

याचें एक कारण घड्याळांत आहे. किनाऱ्यावरील जुने मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून सुमारें तीन वाजतां भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दर तिथीस भरती सुमारें ४८ मिनिटें पुढें सरकते. पाऊणपटीचा हिशोब ४५ मिनिटें धरतो. पंधरा तिथींत पाऊण तासाचा फरक पडतो खरा, पण होडी लोटण्यास तो आड येत नाहीं. आतां याच हिशोबानें पाहिलें तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जी सर्वांत मोठी ओहोटी लागते, ती पहांटे आणि सायंकाळीं पांच-सहाच्या सुमारास. अष्टमीच्या आसपास ओहोटी दुपारीं लागते, पण ती भांगाची. त्या वेळीं पाणी फारसें मागें हटत नाहीं. म्हणजे खडक उघडे पडतात तेव्हां शाळा बंद असते, आणि शाळा भरते तेव्हां समुद्रानें आपलें पुस्तक मिटलेलें असतें! कोसबाडला जें कुरणाचें, तेंच मालवणला ओहोटीचें.

आणि तें पुस्तक उघडलें तर त्यांत काय नाहीं? ओहोटीला खडकाकडे पाहिलें असतां त्यावर पट्टे पडलेले दिसतात. वरच्या कोरड्या भागीं खडकाला चिकटलेले टणक कवचाचे बारीक जीव, त्याखालीं कालवें, आणि अगदीं खालीं जेथें पाणी क्वचितच हटतें तेथें शेवाळें, स्पंज व समुद्रफुलें. उन्हाचा ताप कोण किती सोसूं शकतो यावर हे पट्टे ठरतात. परिसराशीं जुळवून घेणें म्हणजे काय, याचें याहून स्पष्ट चित्र कोणत्या पुस्तकांत सांपडणार? खाडीच्या कांठीं तिवराचीं श्वासमुळें चिखलांतून वर डोकावतात, कारण चिखलांत हवा नसते. त्याच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावलें तर खारट लागतें. नको असलेलें मीठ झाड पानावाटें टाकून देतें. कांदळाचें बीं झाडावर असतांनाच रुजून लांब शेंगेसारखें लोंबतें आणि मग चिखलांत उतरतें. श्वसन, उत्सर्जन आणि प्रजनन हे तीन धडे एका होडीच्या फेरींत होतात. इतकेंच काय, आई आडाळ्यावर तिसरी फोडते तेव्हां दोन शिंपा घट्ट धरून ठेवणारा स्नायुच ती कापीत असते. एकशिपीचें कालवण हा देखील शरीररचनेचा धडाच होय.

हें सारें केवळ शिकवण्याच्या सोयीचें नाहीं. यांत किनाऱ्याच्या भवितव्याचा प्रश्न आहे. १९८७ सालीं मालवणच्या समुद्राचा २९.१२ चौरस किलोमीटर भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. १६६४ सालीं ज्याचा पाया घातला गेला त्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींचें पाणीहि त्यांत येतें. परंतु समुद्रावर ज्यांचें पोट, त्या मच्छीमारांना यांत आपल्या जाळ्यावर येणारें बंधन तेवढें दिसलें, आणि गांवोगांव संशय व विरोध उभा राहिला. त्यांची भीति निराधार नव्हती. रापण ओढणाऱ्या गरिबाला एक दिवसाची बंदीहि जड जाते. पण किल्ला पाहावयास आलेल्या मुलांना तटाचा इतिहास सांगून, त्या तटाखालच्या खडकांतील प्रवाळाविषयीं शाळा मूक राहिली, हेंहि खरें. एक पिढी तें शिकून मोठी झाली असती, तर सरकार आणि गांव यांच्यांत बोलणी करण्यास समान भाषा तरी मिळाली असती.

ओळखीनें रक्षण कसें होतें, याचीं उदाहरणें जवळच आहेत. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साहाय्यानें समुद्रकांसवांचीं अंडीं राखण्याचें काम उभें केलें, आणि वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावरहि तें रुजलें. मादी एका वेळीं शंभराच्या आसपास अंडीं घालते आणि वाळूच्या उष्णतेवर पिलें नर होणार कीं मादी हें ठरतें. सावंतवाडी तालुक्यांत आंबोली येथें हिरण्यकेशीच्या उगमापाशीं देवाच्या कुंडांतील मासे लोकांनीं श्रद्धेनें राखले होते. त्यांतील एका जातीला २०२० सालीं शास्त्रीय नांव मिळालें, आणि त्या नांवांत नदीचें नांव गोंविलें गेलें. २०२१ सालीं ती जागा जैवविविधता वारसास्थळ ठरली. लोकांनीं आधीं राखलें, शास्त्रानें मागाहून ओळखलें. मधल्या काळांत जवळच्या शाळांना तो मासा धडा म्हणून उपयोगी पडूं शकला असता.

आतां करावयाचें काय? २००२ च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक गांवाची जैवविविधतेची नोंदवही असावी असें ठरविलें आहे. ती नोंदवही कपाटांत न ठेवतां शाळेच्या हातीं द्यावी. जून महिन्यांत, मासेमारी बंद असतांना, मच्छीमारांना सवड असते. त्या वेळीं एखाद्या वृद्ध मच्छीमाराला वर्गांत मानानें बोलवावें. तो माशांचीं मालवणी नांवें, त्यांचे हंगाम व वाटा सांगेल, मुलें लिहून घेतील, आणि पुस्तकांतील नांव त्याच्या शेजारीं शिक्षक लिहील. महिन्यांतून एक दिवस शाळेनें घंटेऐवजीं पंचांग पाहून भरावें. यास पैसा फार लागत नाहीं. लागते ती परीक्षेंत चार गुण परिसराच्या प्रश्नास देण्याची तयारी, आणि शिक्षकाला उंबऱ्याबाहेर पडण्याची मोकळीक. जीं नांवें आजच्या वृद्धांच्या ओठीं आहेत तीं नोंदल्याशिवाय गेलीं, तर पुढें कोणतेंहि पाठ्यपुस्तक तीं परत आणूं शकणार नाहीं.