कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण खोटी नाही. पण ती ज्यांनी रचली त्यांच्या घरी समजूत घालणारी वडीलधारी माणसे असावीत, गाठीला चार पैसे असावेत, आणि भांडण मिटेपर्यंत डोक्यावर छप्पर असावे. जिला नवऱ्याने लेकरासह घराबाहेर काढले, तिने काय करावे याचा विचार त्या म्हणीत नाही. तो आज करावयाचा आहे. आम्ही पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. कायदा शिकलो तो युनियनच्या कचेरीत, कामगारांना आलेल्या चौकशीच्या नोटिसा वाचता वाचता. तेव्हा इतिहास चाळताना आम्हांस जे उमगले तेवढेच मांडतो. ते असे की, संसार मोडलेल्या बाईला कायदा हक्क देतो खरा, पण तिच्या बाजूने कागद वाचणारा कोणी भेटला तरच तो हक्क तिच्या पदरात पडतो.

प्रारंभ रखमाबाईंपासून केला पाहिजे. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि त्या माहेरीच वाढल्या. 1884 साली पती दादाजी भिकाजी यांनी, पत्नीने नांदावयास यावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. त्या काळी तेथील मूळ शाखेत पक्षकाराला थेट बॅरिस्टरकडे जाता येत नसे. आधी सॉलिसिटर गाठावयाचा. तो हकीकत ऐकून घेई, कागद जमवी, पत्रव्यवहार करी, आणि मग बॅरिस्टर उभा करी. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन मोठे वैद्यक पंडित होते. त्यामुळे ही सारी व्यवस्था त्यांना लाभली, आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखा विद्वान त्यांच्या बाजूने उभा राहिला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. 1886 मध्ये अपिलात तो निकाल फिरला. मार्च 1887 मध्ये हुकूम झाला की, महिन्याच्या आत नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करीन म्हणून कळविले. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी मिटते घेतले. बाई पुढे विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. बायकोने नांदण्याच्या हुकुमासाठी तुरुंगात जाण्याची तरतूद मात्र 1923 पर्यंत कायद्यात राहिली.

हा खटला स्त्रीच्या धैर्याचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. इतके कायदेपंडित पाठीशी असूनही रखमाबाईंची सुटका कायद्याने झाली नाही, दोन हजार रुपयांनी झाली. मग जिच्यापाशी तेलंगही नाहीत आणि दोन हजारही नाहीत, तिचे काय?

तिचे म्हणणे आमच्या नागपुरात मांडले गेले. 20 जुलै 1942 रोजी येथे अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलावयास उभे राहिले होते. परिषदेचे ठराव मुद्दाम पाहण्याजोगे आहेत. पत्नीला घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा, आणि एकीवर दुसरी करण्याची चाल बंद व्हावी, असे त्यांत आहे. आणि त्याच ठरावांत, गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका व रेल्वे यांत राबणाऱ्या बायांना रजा, दुखापतीची भरपाई आणि पेन्शन मिळावे, असेही आहे. विद्वानांनी हे दोन विषय वेगळ्या कपाटांत ठेवले आहेत. त्या बायांनी ते एकाच दमात मागितले. ज्या बाईच्या हाती मजुरी नाही तिला नवरा सोडता येत नाही, आणि ज्या बाईला नवरा सोडता येत नाही तिची मजुरीही तिच्या हाती राहत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

कायदा यावयास मात्र वेळ लागला. मुंबई प्रांतात 1947 साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला, पण नागपूर तेव्हा मध्य प्रांतात असल्याने तो आमच्याकडे लागू नव्हता. हिंदू कोड बिल रखडले. 1951 मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपद सोडले, त्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट आला आणि दुसरे लग्न बेकायदा ठरले. त्यातील 24 वे कलम आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. ज्या पक्षाला पुरेसे उत्पन्न नाही, त्याला दावा चालू असता दरमहा निर्वाहखर्च आणि दाव्याचा खर्चही दुसऱ्या पक्षाकडून मिळू शकतो. म्हणजे वकिलाच्या पैशाचा प्रश्न कायद्याला ठाऊक होता. फौजदारी कायद्यातील पोटगीची कमाल मर्यादा त्याच वर्षी महिना 500 रुपये झाली, आणि केंद्राच्या कायद्यात ती 2001 पर्यंत तशीच राहिली. सेहेचाळीस वर्षांत महागाईभत्ता नाही, अशी दुसरी पगारपट्टी आम्ही पाहिली नाही.

आता आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एक बिडी वळणारी बाई आमच्या कचेरीत आली. नवरा नांदवीत नव्हता. दोन्हीकडची माणसे बसली. आमच्याकडे काडीमोड, सोडचिठ्ठी ही जुनी चाल. कोर्टात वर्षे जातील, त्यापेक्षा स्टँपपेपरवर फारकत लिहून मिटवा, असे ठरले. ठरविणाऱ्यांत आम्ही होतो. बाईला थोडी रक्कम मिळाली. कागद आम्हीच तिला वाचून दाखविला आणि तिने अंगठा दिला. पुढे चार वर्षांनी तिने पोटगीचा अर्ज केला तेव्हा नवऱ्याने तोच कागद पुढे केला. दोघे राजीखुशीने वेगळे राहतात, असे त्यात लिहिले होते. परस्परसंमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला त्या कलमाखाली पोटगी मिळत नाही, हे आम्हांस ठाऊक नव्हते. आणि जातीत तशी रूढी आहे हे पुराव्याने सिद्ध झाल्यावाचून त्या फारकतीने लग्नही मोडत नाही, हेही ठाऊक नव्हते. बाई एवढेच म्हणाली, "भाऊ, हा कागद तुम्हीच वाचून दाखवला होता ना?" ती रागाने बोलली नाही. म्हणून ते अधिक लागले. मालकाने कोऱ्या कागदावर कामगाराची सही घेतली तर आम्ही गेटसभा घेतो. येथे तेच आम्ही केले होते, फक्त चांगल्या हेतूने.

तिचा खटला पुढे विधी सेवेच्या वकिलाने चालविला. बाईने अंगठा कोणत्या परिस्थितीत दिला हे त्याने साक्षीपुराव्याने दाखविले आणि पोटगी बसली. मागची चार वर्षे मात्र बुडाली. तो वकील नावाजलेला नव्हता. त्याने फक्त आम्ही न विचारलेले प्रश्न तिला विचारले होते.

असे वकील सरकारी खर्चाने मिळण्याची व्यवस्था कशी झाली हेही ध्यानात ठेवले पाहिजे. 1976 च्या घटनादुरुस्तीने 39-अ हे कलम आले, आणि गरिबीमुळे कोणाला न्याय नाकारला जाऊ नये ही राज्याची जबाबदारी ठरली. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. त्याच्या 12 व्या कलमात मोफत वकिलाचे हक्कदार सांगितले आहेत. स्त्रीला त्यात उत्पन्नाची अट नाही, आणि औद्योगिक कामगाराचाही त्याच यादीत समावेश आहे. 1942 च्या परिषदेतील बायांची आठवण आम्हांस येथे झाल्यावाचून राहत नाही.

तरीही वाट सरळ नाही. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यात वकील हक्काने उभा करता येत नाही. न्यायालयाची परवानगी लागते. हेतू चांगला होता. भांडण वाढू नये, समुपदेशकापुढे मिटावे. पण एका बाजूला शिकलासवरलेला नवरा आणि दुसऱ्या बाजूला अंगठा देणारी बाई असता, दोघेही वकिलावाचून उभे राहिले म्हणजे समान झाले असे होत नाही. नागपूरच्याच कुटुंब न्यायालयातला, 2013 साली सुरू झालेला पोटगीचा एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 4 नोव्हेंबर 2020 रोजी त्याचा निकाल झाला. दोन्ही पक्षांनी आपल्या उत्पन्नाचे व मालमत्तेचे शपथपत्र द्यावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे त्यात देशभरच्या न्यायालयांना सांगितले आहे. नवऱ्याची पगारचिठ्ठी दडविली जाते, हे कामगार चळवळीतल्या माणसाला सांगावयास नकोच. मात्र जी अर्जच करीत नाही, तिची तारीख सुरूच होत नाही.

म्हणून कामगार बंधुभगिनींना आमचे सांगणे थोडके आहे. घरचे भांडण मिटत असेल तर अवश्य मिटवा. पण अंगठा देण्यापूर्वी तो कागद बाईच्या बाजूच्या वकिलाला दाखवा. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे, तेथे पैसे लागत नाहीत. त्या प्रसंगापासून आमच्या कचेरीत फारकतीचा कागद लिहिला जात नाही. कोणी बाई आली की आमच्यापैकी एकजण तिच्याबरोबर जातो, आणि ती कोर्टाची पायरी चढून वकिलासमोर बसेपर्यंत परत येत नाही.