वृत्त, कहाणी आणि पुराण : रत्नागिरी जिल्ह्यातील एका कुटुंबाच्या आत्मलेखनातील निवड

प्रस्तावना

स्वतःविषयी लिहावयास बसलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न भाषेचा वा शैलीचा नसतो. काय लिहावे आणि काय वगळावे, हाच तो प्रश्न असतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला तो दररोज संध्याकाळी पडतो आणि आत्मचरित्रकाराला उतारवयात एकदाच, पण फार मोठ्या प्रमाणावर पडतो. इतिहासाचे साधन म्हणून आत्मलेखनाचा उपयोग करणारा अभ्यासक बहुधा लिहिलेल्या मजकुराची सत्यासत्यता तपासतो. मजकुराची निवड कोणत्या कसोटीवर झाली, याकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. वास्तविक ही कसोटी हाही एक ऐतिहासिक पुरावाच असतो. प्रस्तुत लेखात रत्नागिरी जिल्ह्याशी निगडित एका कुटुंबातील तीन आत्मकथनांच्या आधारे या पुराव्याचा विचार केला आहे.

या जिल्ह्याला आत्मलेखनाची परंपरा तशी जुनी आहे. नाना फडणवीस (१७४२–१८००) यांचा जन्म साताऱ्याचा असला, तरी त्यांचे भानू घराणे मूळचे मंडणगड तालुक्यातील वेळासचे. त्यांनी लिहिलेले त्रोटक आत्मचरित्र मराठीतील या प्रकारच्या आरंभीच्या लेखनात गणले जाते. बालपणीची देवभक्ती, तारुण्यातील विषयवासनेची कबुली, पानिपतच्या रणांगणावरून झालेली सुटका आणि त्या धामधुमीत झालेली मातेची ताटातूट एवढाच त्याचा विषय आहे. पानिपतानंतरच्या परतीच्या हकिकतीजवळ ते संपते. पुढे जवळजवळ पाव शतक ज्यांच्या हाती मराठी राज्याची सूत्रे होती, त्यांनी राजकारणाबद्दल या लेखनात अवाक्षर काढलेले नाही. दप्तराचा माणूस दप्तरातील गोष्ट दप्तरातच ठेवतो आणि स्वतःसाठी लिहिताना जे दप्तरात बसत नाही तेवढेच लिहितो, असे येथे दिसते. वासनेची कबुली देण्यास संकोच वाटला नाही, हे आजच्या वाचकाला नवलाचे वाटेल. परंतु ईश्वरापुढे पापाचा उच्चार करणे हे त्या काळच्या भक्तिसंस्कारात बसणारेच होते.

निवड नेहमी लेखकाच्याच हाती राहते असेही नाही. वरसईच्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात संपादकाने बरेच फेरफार केले होते. मूळ स्वरूपातील पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रकाशात आणला. मधल्या जवळजवळ साठ वर्षांत वाचकांसमोर होते ते संपादकाने निवडलेले गोडसे भटजी.

तीन शीर्षके

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे, म्हणजे आजोळी झाला. त्यांचे गाव दापोली तालुक्यातील मुरुड होय. (रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिऱ्याशी त्याची गल्लत वारंवार होते, म्हणून हा खुलासा.) त्यांची द्वितीय पत्नी आनंदीबाई, पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, आणि आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या दोघी संगमेश्वर तालुक्यातील देवरुखच्या जोशी घराण्यातील. या तिघांनीही आपापली जीवनकथा लिहून वा सांगून ठेवली. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ मध्ये, पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये आणि आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच घरातील, एकाच चळवळीत वावरलेल्या तीन व्यक्तींनी तीस वर्षांच्या आत आपले आयुष्य छापील स्वरूपात मांडावे, असे उदाहरण मराठीत विरळाच आढळेल.

शीर्षकांपासूनच भेद सुरू होतो. ‘वृत्त’ म्हणजे घडलेल्या गोष्टीची बातमी, अहवाल. ‘कहाणी’ ही व्रताच्या शेवटी, हातात अक्षता घेऊन ऐकावयाची गोष्ट. ती सांगणारीही बाई, ऐकणाऱ्याही बायका आणि ऐकल्याने काही फळ मिळावे ही अपेक्षा. ‘पुराण’ या शब्दाला देवळातील अर्थ आहे तसा घरातलाही आहे. कोणी लांबण लावली की ‘पुरे झाले तुझे पुराण’ असे आपण म्हणतो. आनंदीबाईंनी हा शब्द स्वतःच स्वतःला लावून घेतला, यातील मिस्कीलपणा नजरेआड करण्याजोगा नाही. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी मी सांगणार, असेच जणू त्या शीर्षक सांगते.

‘आत्मवृत्ता’तील कर्वे हे सार्वजनिक पैशाचा हिशेब देणारे गृहस्थ आहेत. सार्वजनिक परीक्षेसाठी १८७५ मध्ये मुरुडहून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैलांची पायपीट करणारा आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला न बसताच परतणारा मुलगा प्रत्येक चरित्रात भेटतो. याशिवाय गावासाठी उभारलेला मुरुड फंड, विधवाविवाहाच्या प्रसारासाठी १८९३ मध्ये स्थापन केलेली मंडळी, १८९६ मधील अनाथ बालिकाश्रम आणि त्याचे हिंगण्याला झालेले स्थलांतर यांची हकिकत तपशिलाने येते. एखाद्या खतावणीप्रमाणे या लेखनाला जमाखर्चाचे वळण आहे. पुस्तक निघाले तेव्हा कर्व्यांची वयाची सत्तावन्न वर्षे उलटली होती आणि महिला विद्यापीठाची स्थापना एका वर्षावर आली होती. वर्गणीदार, हितचिंतक व टीकाकार असा वाचकवर्ग त्यांच्यापुढे होता. त्यामुळे संस्थेच्या कामाला जे उपकारक वा आवश्यक, ते विस्ताराने आणि घरातले ओझरते, ही निवड स्वाभाविक म्हणावी लागेल. घरच्यांना सोसावे लागले हे कर्वे नाकारीत नाहीत. पण ते सोसणे म्हणजे नेमके काय, हे त्यांच्या पुस्तकातून कळत नाही.

आश्रमाच्या दोन बाजूंना दोन बहिणी

गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाल्या. बंधू नरहरपंत हे कर्व्यांचे मुंबईतील स्नेही. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले, तेव्हा तेथील आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. कर्व्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. पुनश्च विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता आणि ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला. मुरुडच्या ग्रामस्थांनी बहिष्कार घातला आणि त्यांना घरात घेणाऱ्या आप्तांनाही तोच दंड लागू होईल असे ठरविले.

ही घटना सर्वपरिचित आहे. तिच्या पुढची गोष्ट मात्र केवळ ‘आत्मवृत्त’ वाचणाऱ्याच्या ध्यानात येणे कठीण. अनाथ बालिकाश्रमाला सनातनी समाजाचा आश्रय मिळावयाचा, तर तो विधवाविवाहाच्या चळवळीपासून अलग राखणे कर्व्यांना आवश्यक वाटले. मुली पाठविणाऱ्या पालकांना त्या तेथे शिकतील, पुनर्विवाह करणार नाहीत, हा भरवसा हवा होता. धोरण म्हणून यात दूरदृष्टी होती यात शंका नाही. त्याविना हिंगणे उभे राहिले असते असे वाटत नाही. परंतु या धोरणाची किंमत ज्या व्यक्तीने मोजली, ती संस्थापकाची पत्नीच होती. विधवांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थेत एका पुनर्विवाहित विधवेचा वावर अडचणीचा ठरला. आश्रमापासून दूर राहावे लागल्याचे शल्य ‘माझे पुराण’ मध्ये स्पष्टपणे येते. पतीने शिल्लक आणि विम्याची तरतूदही संस्थेला देऊन टाकल्यावर मुलांचे कसे होणार ही चिंता, संसाराला हातभार लावण्यासाठी सुईणीचे शिक्षण घेण्याची धडपड, हेही तेथेच वाचावयास मिळते. सून कावेरी कर्वे यांच्या संपादनाने हे कथन सिद्ध झाले. बोलण्याची लकब त्यात टिकून राहिली आहे, याचे श्रेय संपादनालाही द्यावयास हवे. गोडसे भटजींच्या वाट्याला असे संपादन प्रथम आले नाही.

पार्वतीबाईंची स्थिती नेमकी उलट होती. १८७० मध्ये देवरुखला जन्मलेल्या पार्वतीबाईंना विसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी एक मुलगा होता आणि रूढीप्रमाणे केशवपन झाले होते. वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्या पुण्याला कर्व्यांच्या घरी राहून शिकू लागल्या. पुढे हिंगण्याच्या आश्रमाच्या कामात आणि वर्गणीसाठीच्या भ्रमंतीत त्यांनी आयुष्य घातले. पुनर्विवाह न केलेली, सोवळी विधवा संस्थेसाठी दारोदार हिंडते, या दृश्यात जी नैतिक शक्ती होती, ती आनंदीबाईंच्या वाट्याला येणे शक्य नव्हते. एकाच घरातल्या दोन बहिणी एका रेषेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि ती रेषा त्यांपैकी कोणीच आखलेली नव्हती.

‘माझी कहाणी’ मधील निवड या भूमिकेतून झालेली आहे. केशवपनाच्या चालीविषयी आणि १९१२ च्या सुमारास पुन्हा केस राखण्याच्या निर्णयाविषयी पार्वतीबाई मोकळेपणाने सांगतात. इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेला निधी मिळविण्यासाठी त्या १९१८ मध्ये अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करून त्यांनी दिवस काढले आणि १९२० मध्ये त्या परतल्या. ब्राह्मण कुटुंबातील विधवेने परदेशी परक्याची भांडी घासल्याची कबुली देणे त्या काळी सोपे नव्हते. पण ते काम संस्थेसाठी केलेले असल्याने सांगण्याजोगे ठरले. विवाह, पातिव्रत्य व स्त्रीशिक्षण यांवरील त्यांची मते काही ठिकाणी परंपरेच्या बाजूची आहेत. ती जुनाट म्हणून बाजूला सारण्यापेक्षा, ज्या वाचकाकडून आश्रमाला वर्गणी मिळावयाची त्याच्याशी त्यांचे नाते कसे होते हे पाहणे अधिक फलदायी होईल. या पुस्तकाचे जस्टिन अ‍ॅबट यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९३० मध्ये निघाले.

थोडक्यात, आपण कोणाला उत्तर देणे लागतो या जाणिवेनुसार तिघांच्याही आठवणी चाळल्या गेल्या आहेत. कर्वे समाजाला, पार्वतीबाई आश्रमाला. आनंदीबाईंना असे उत्तर कोणालाच द्यावयाचे नव्हते, कारण संस्थेच्या कागदपत्रांत त्यांना जागाच नव्हती. त्या अभावातून त्यांना एक मोकळीक मिळाली आणि हिंगण्याच्या इतिहासाला न पुसलेले प्रश्न त्यांच्याच पुस्तकात सापडतात. सुधारकाच्या घरात सुधारणेचा खर्च कोणाच्या नावे पडला, हा त्यांतील प्रमुख प्रश्न. ‘आत्मवृत्त’ मुख्य साधन आणि उर्वरित दोन पुस्तके पूरक साधने, ही आपल्या वर्गांतून रूढ झालेली उतरंड या दृष्टीने तपासून पाहण्याची गरज आहे. (राधाबाईंचे चिरंजीव, मुरुडला १८८२ मध्ये जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी तर १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मधून ज्या विषयांवर लिहिले, त्यांना घरातल्या तिन्ही पुस्तकांत प्रवेश नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय होय.)

एक मर्यादा मात्र सांगावयास हवी. ही तीनही आत्मकथने छापली जाण्याइतपत नामवंत घरातली आहेत. मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या चाकरमान्यांच्या कोकणातील घरांत मनिऑर्डरीचे आकडे, भाताची मापे, सोयरसुतकाच्या नोंदी एकाच वहीत लिहिण्याचा प्रघात होता. अशा वह्यांत मध्येच एखादी ओळ मनातली म्हणून उमटते. पावसाळ्यातील ओल आणि वाळवी यांतून जे वाचले असेल, ते माळ्यावर किंवा देवघराच्या फडताळात असेल. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांकडून गावोगावी त्यांचा शोध घेता येण्याजोगा आहे.

धोंडो केशव कर्वे यांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळाले आणि त्याच वर्षी त्यांच्या हयातीत त्यांचे टपाल तिकीट निघाले. आनंदीबाई १९५० मध्येच निवर्तल्या होत्या. त्यांचे पुराण तोवर छापून चौदा वर्षे झाली होती.