हेजहॉग संदेशमार्ग आणि अर्बुदनिर्मिती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कर्करोग म्हणजे पेशींची अनियंत्रित वाढ, ही व्याख्या सर्वपरिचित आहे. परंतु निरोगी शरीरात ही वाढ नियंत्रित कशी होते, या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू मिळत गेले. पेशी एकमेकींना रासायनिक संदेश पाठवितात आणि केव्हा वाढावे, केव्हा थांबावे हे त्यावरून ठरते. अशा संदेशमार्गांपैकी 'हेजहॉग' मार्गाच्या शोधाचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडला आहे. मूलभूत संशोधनाच्या उपयुक्ततेविषयी वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने हा इतिहास महत्त्वाचा ठरतो.

तीन स्वतंत्र प्रवाह :
१९५० च्या दशकात अमेरिकेतील आयडाहो राज्यात एकच डोळा असलेली कोकरे जन्मास येऊ लागली. तेथील कृषी विभागाच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला असता, गाभण मेंढ्यांनी साधारण चौदाव्या दिवशी व्हेराट्रम कॅलिफोर्निकम ही वनस्पती खाल्ल्याने हे घडते असे आढळले. तिच्यातील कारणीभूत द्रव्यास ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसावरून 'सायक्लोपामाइन' असे नाव मिळाले. ते गर्भात नेमके काय करते, हे मात्र अज्ञात राहिले.

१९६० मध्ये गॉर्लिन व गोल्ट्झ यांनी त्वचेवर असंख्य बेसल सेल कर्करोग, जबड्यात द्रवयुक्त गाठी व बरगड्यांत दोष असणाऱ्या आनुवंशिक विकाराचे वर्णन केले.

तिसरा प्रवाह जर्मनीतील हायडेलबर्ग येथील. ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड व एरिक विशाउस यांनी १९८० मध्ये फळमाशीच्या शरीरखंडांची रचना ठरविणारी १५ जनुके प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक बिघडल्यास अळीचे अंग काट्यांनी भरून जाई, म्हणून त्यास 'हेजहॉग' हे काटेरी प्राण्याचे नाव पडले. त्याच यादीत 'पॅच्ड' हे जनुकही होते. या कार्यासाठी दोघांना एडवर्ड लुइस यांच्यासह १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रवाहांचा संगम :
पुढे या मार्गाची कार्यपद्धती उलगडली. एरवी पॅच्ड हे प्रथिन 'स्मूदन्ड' या दुसऱ्या प्रथिनास रोखून धरते. हेजहॉग संदेश पॅच्डला येऊन चिकटला की हा अटकाव दूर होतो, स्मूदन्ड सक्रिय होते आणि ग्लाय प्रथिनांद्वारे वाढीचा आदेश पेशीकेंद्रापर्यंत पोहोचतो. १९९६ मध्ये दोन स्वतंत्र शोधनिबंधांतून गॉर्लिन विकाराच्या रुग्णांत पॅच्ड जनुकच सदोष असल्याचे सिद्ध झाले. अटकाव करणारेच नाहीसे झाल्याने संदेश नसतानाही पेशी वाढत राहते व अर्बुद निर्माण होते. त्याच वर्षी फिलिप बीची यांच्या गटाला सॉनिक हेजहॉग जनुक नसलेल्या उंदरांच्या गर्भात एकाक्षता आढळली. कोकरांचे कोडे येथे सुटू लागले. सायक्लोपामाइन हाच मार्ग रोखते, हे १९९८ मध्ये, आणि ते स्मूदन्डला चिकटते, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले.

उपचार व मर्यादा :
जे द्रव्य गर्भाची वाढ थांबविते, ते अर्बुदाचीही थांबवील, या तर्कातून स्मूदन्डला रोखणारे 'व्हिस्मोडेगिब' हे औषध विकसित झाले. प्रगत बेसल सेल कर्करोगासाठी त्यास अमेरिकेत जानेवारी २०१२ मध्ये मान्यता मिळाली. गर्भास गंभीर धोका असल्याचा इशारा त्याच्या वेष्टनावर द्यावा लागला. मेंढ्यांच्या कुरणातील अनुभव असा औषधाबरोबरच आला. तथापि, यशाचे चित्र एकांगी नाही. स्मूदन्डमध्ये नवे उत्परिवर्तन होऊन अर्बुद औषधास दाद देत नाही, हे २००९ मध्येच दिसले होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात याच वर्गातील एका औषधाची चाचणी, रुग्णांना लाभाऐवजी अपाय होत असल्याचे दिसल्याने, २०१२ मध्ये थांबवावी लागली. म्हणजेच एकाच मार्गाची भूमिका प्रत्येक अर्बुदात सारखी नसते.

निष्कर्ष :
माशीची अळी, एकाक्ष कोकरू व त्वचेचा कर्करोग यांचा परस्परसंबंध १९८० मध्ये कोणत्याही संशोधन-प्रस्तावात लिहिता आला नसता. उपयोग आधी सिद्ध करण्याची अट घातली असती, तर फळमाशीवरील हे संशोधन कदाचित सुरूच झाले नसते. म्हणून संशोधनाचे मूल्यमापन करताना तत्काळ उपयुक्ततेबरोबरच प्रश्नाच्या मूलभूततेलाही स्थान देणे अगत्याचे आहे.