अर्थिंग, घरगुती (पेडणे व डिचोली तालुके)

वीज-उपकरणाच्या धातूच्या अंगावर बिघाडामुळे फेज उतरला, तर तो प्रवाह माणसाच्या देहातून न जाता जमिनीत जावा आणि पुरवठा आपोआप तुटावा, यासाठी केलेली जोडणी, भूयोजन. उत्तर गोव्यातील या दोन तालुक्यांचा वेगळा विचार करावा लागतो तो तिथल्या जमिनीमुळे.

भूस्तर : मोपा, धारगळ, तुये या भागांतले सडे जांभ्याचे आहेत. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी खाली झिरपते आणि मार्च ते मे वरचा थर ठणठणीत कोरडा राहतो. त्याच पेडण्यात शापोरा आणि तेरेखोल नद्यांच्या काठी खाजने (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनी) आहेत, आगरवाड्यास मिठागरे आहेत; तिथला चिखल खारा, म्हणून विजेला सुलभ. डिचोलीत मयेचा तळ्याकाठचा भाग ओलसर; शिरगाव, मुळगावचा पट्टा लोहखनिजाचा. खाणींच्या उपशाने विहिरींचे पाणी किती खाली गेले, याविषयी ग्रामस्थ आणि खाणचालक यांचे एकमत नाही. पातळी उतरली की जमिनीचा रोध वाढतो, एवढे निर्विवाद.

रोधाचे गणित : २.५ मीटर लांब, १६ मिमी व्यासाची सळई सरळ पुरली, तर तिचा जमिनीशी रोध मातीच्या रोधकतेच्या प्रमाणात येतो. खाऱ्या चिखलाची रोधकता २० ओहम-मीटर धरली तर उत्तर सुमारे ८ ओहम. कोरड्या जांभ्याची १,००० धरली (प्रत्यक्षात ती याहून जास्तही असते) तर सुमारे ३९० ओहम. सड्यावरच्या घरात फेज गीझरच्या टाकीला चिकटला, तर २३० व्होल्टवर या सळईतून जेमतेम ०.६ अँपिअर वाहतो. एवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहावर आपोआप तुटणारी कळ) कधीच पडणार नाही. टाकी जिवंत राहील आणि मीटर फिरत राहील. खाजनाकाठीही चित्र फारसे सुखाचे नाही: ८ ओहममधून २९ अँपिअर जातात, आणि तेवढ्यावर ‘सी’ प्रकारचा एमसीबी तत्क्षणी नव्हे, तापून सावकाश पडतो. ट्रान्सफॉर्मरकडचा रोध या हिशेबात धरलेला नाही. तो धरल्यास प्रवाह आणखी घटतो. पुरवठ्याबरोबर धातूची सलग अर्थ तार घरापर्यंत आली असेल तर गोष्ट वेगळी, कारण मग परतीची वाट मातीतून जात नाही.

यावरचा खरा उपाय अर्थच्या खड्ड्यात नसून बोर्डात आहे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी फेज आणि न्यूट्रल यांतल्या प्रवाहांची तफावत पाहते आणि ती आढळताच पुरवठा तोडते. ३९० ओहमच्या सळईवरही तिला पडायला लागणारा प्रवाह वाहिला, तर टाकीवर १२ व्होल्टसुद्धा चढत नाहीत. खर्च करायला एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर ते आरसीसीबीवर करावेत. तिचे ‘टेस्ट’ बटण मात्र फक्त तिची स्वतःची यंत्रणा तपासते. अर्थिंग शाबूत आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

मीठ आणि कोळसा : घरोघरी विचारला जाणारा प्रश्न हाच. खड्ड्यात मीठ-कोळशाचे थर दिल्याने रोध उतरतो, पण केवळ खड्ड्याच्या हद्दीत. वरच्या उदाहरणात ६० सेंमी रुंद खड्ड्यातली माती जवळजवळ शून्य रोधकतेची झाली असे मानले, तरी ३९० चे १६० होतात. बाहेरचा जांभा तसाच राहतो. मग मीठ दुप्पट घातले तरी फरक नाही. शिवाय पावसाळ्यात ते विरघळून वाहून जाते आणि तोवर जीआय पाइपला गंजवते. बेंटोनाइट माती त्या मानाने टिकते. त्याहून सरस म्हणजे दुसरी सळई, पहिलीपासून निदान सळईच्या लांबीइतकी दूर. घराच्या एका अंगाला न्हाणीचे पाणी मुरत असेल, तर ती जागा आधी पाहावी.

चुकीच्या जोडण्या : (१) प्लगमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडणे. वाऱ्यात झावळ पडून न्यूट्रल तुटला की उपकरणाचे अंग फेजवर येते. (२) नळाच्या पाइपला अर्थ बांधणे. जुने जीआय पाइप बदलून मध्येच पीव्हीसी आला की ही अर्थ संपली, आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाही. (३) फेज आणि अर्थ यांमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून अर्थिंग पाहणे. ही जुनी रीत जांभ्यावर घातक आहे: ३९० ओहमच्या अर्थवर सुमारे १०० व्होल्ट चढतात आणि त्या तारेला जोडलेला फ्रिज, पंप, मिक्सर सगळ्यांवर पोचतात. मोजणी अर्थ टेस्टरने, दोन साहाय्यक खुंट्या ठोकून करावी. तीही मे महिन्यात. जुलैतला आकडा समाधान देतो, माहिती देत नाही.

जूनमध्ये आरसीसीबी वारंवार पडते ती बहुधा चिऱ्यांच्या भिंतीत ओल शिरल्याने. ती पडते म्हणून काढून टाकण्याची प्रथा आहे. पण मंडळे (सर्किट) एकेक बंद करून गळती शोधणे हाच इलाज. इन्व्हर्टर बसवल्यावर पडू लागली, तर दोन मंडळांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत का, हे आधी पाहावे.

वीज कडाडणे : पावसाच्या आधी आणि परतीच्या पावसात अधिक. म्हणून अँटेनाची अर्थ तार घराच्या मुख्य अर्थशी जोडावी.



छतावरील सौर पट्ट्या : चौकटींना अर्थ आवश्यक, वरील हिशेब तिथेही लागू.